जे दिसतं तेवढंच

भाड्यानं घर बघायला गेलेल्या माणसाला घरमालक पगार विचारतो, गाव विचारतो, आणि आडवळणानं जातही काढून घेतो. आमच्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "उजेडात या जरा."

मग मला कोपराला धरून त्यांनी उत्तरेच्या खिडकीपाशी नेलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. साधं बघणं नव्हे. भाजीवाल्याकडे वांगं फिरवून फिरवून बघतात तसं. माझी बायको दारात उभी होती. तिनं हळूच खूण केली की चला, दुसरं घर बघू. तेवढ्यात ते म्हणाले, "चित्रकला शिकवता ना? बरं आहे. पहिल्या तारखेला या." भाडं किती ते आम्हीच विचारलं. ते इतकं कमी होतं की बायकोनं खुणा करणं थांबवलं.

घर कर्वेनगरात होतं. खाली ते आणि त्यांची थोरली बहीण, वर दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि आमची लहान मुलगी. मी मूळचा मांजरी गावचा. तिकडे थोरला भाऊ ऊस बघायचा आणि मी शहरातल्या शाळेत पोरांना आंबा, कलश आणि उगवता सूर्य काढायला शिकवायचो.

घरमालक डॉक्टर होते, पण रोग्याला हात लावणारे नव्हेत. एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन करून काढलेल्या गाठी त्यांच्याकडे जायच्या. गाठ कापायची, तिचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर घ्यायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि साधी की कॅन्सरची, कॅन्सरची तर कुठल्या जातीची, ते लिहून द्यायचं, हा त्यांचा उद्योग. त्यातही किडनीच्या गाठींवर त्यांचा विशेष जीव. सर्जन कापतो ते सगळ्यांना दिसतं. पण किती कापायचं आणि पुढे काय, ते या माणसाच्या एका सहीवर ठरायचं. त्या सहीची त्यांना इतकी धास्ती होती की घरी रद्दीवाल्याच्या पावतीवर सही करायच्या आधीसुद्धा ते चष्मा पुसायचे.

काळजी करण्यात मीही काही कमी नाही. पण त्यांच्यापुढे मी म्हणजे बिनघोर माणूस. सकाळी घराबाहेर पडले की कोपऱ्यावरून परत यायचे, कुलूप ओढून बघायचे, जायचे आणि पुन्हा यायचे. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असायची आणि ती डब्याच्या अंगावर असायची, झाकणावर कधीच नाही. आमच्या हिनं एकदा हौसेनं आमच्या डब्यांच्या झाकणांवर सुंदर अक्षरात हळद, तिखट, मीठ लिहून चिकटवलं. ते वर काहीतरी सांगायला आले होते. त्यांची नजर त्यावर गेली आणि चेहरा उतरला. "झाकणं बदलतात वहिनी," ते म्हणाले. "एका टेबलावर दोन बरण्या उघडल्या की झाकणं बदलतात. मग ह्याची गाठ त्याची होते." आमच्याकडे फार तर तिखटाच्या जागी हळद पडली असती, पण संध्याकाळी ते स्वतः कात्री आणि डिंक घेऊन आले आणि सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी डब्यांच्या पोटावर आणल्या. माझ्या मुलीच्या शाळेच्या डब्यावरही.

त्यांच्यासमोर एक शब्द चालायचा नाही, तो म्हणजे 'बहुतेक'. पाऊस येईल बहुतेक, असं मी जिन्यात म्हणालो तर ते थांबून विचारायचे, "येईल की नाही येणार?" मला काय माहीत, म्हटलं की खूश व्हायचे. "मग माहीत नाही म्हणा. ते प्रामाणिक आहे. बहुतेक म्हणजे माहीत नसून माहीत असल्याचा आव."

त्यांची बहीण, तिला आम्ही सगळे ताईच म्हणायचो, फारसं बोलायची नाही. बोलली तरी घशातून घासल्यासारखा, जेमतेम कुजबुजीएवढा आवाज यायचा. तिच्याजवळ एक पितळी घंटी होती. भावाला जेवायला बोलवायचं, आम्हाला टपाल आल्याचं सांगायचं, दूधवाल्याला थांबवायचं, सगळं त्या घंटीवर. सुरुवातीला मला वाटलं, काय देवभक्त बाई आहे, दिवसभर पूजा चालते.

मी राहायला गेल्यावर लवकरच डॉक्टरांनी मला कामाला लावलं. त्यांच्या त्या उत्तरेच्या खिडकीत एक जुना सूक्ष्मदर्शक होता, एका डोळ्यानं बघायचा. त्याला दिवा नव्हता, खाली आरसा होता. आरसा फिरवून आभाळाचा उजेड काचेवर घ्यायचा. रविवारी सकाळी ते मला खाली बोलवायचे, शिकवण्यासाठी जपून ठेवलेल्या जुन्या स्लाइड्स लावायचे आणि म्हणायचे, "काढा." फोटोत रंग खरे येत नाहीत यावर त्यांचा पक्का विश्वास होता. मी विचारायचो, हे काय आहे? ते म्हणायचे, "ते तुम्हाला कशाला? नाव कळलं की डोळे बिघडतात. मग माणूस नाव काढतो. जे दिसतं तेवढंच काढा."

आणि खरंच, इतक्या रविवारांत त्यांनी मला एकाही चित्राचं नाव सांगितलं नाही. चांगलं कुठलं, वाईट कुठलं, तेही नाही. कधी जाळीत अडकलेले पाण्याचे थेंब असायचे, कधी केळीच्या घडासारख्या रांगा. एकदा गोल पेशींच्या आत सुरकुतलेले काळे ठिपके होते. मी ते गोल काढले तर ते चिडले. ताईंच्या डब्यातून मूठभर मनुका आणून माझ्यासमोर ठेवल्या. "ह्या गोल आहेत का? मग तिथलं गोल का काढलंत? पोरांना असंच शिकवता?" मी मुकाट्यानं मनुका काढल्या आणि उरलेल्या खाल्ल्या.

अख्ख्या गाठीचा रंग सांगायचा तर ते बेसनाकडे वळायचे. ताई लाडवासाठी बेसन भाजायला बसली की हे तिच्या मागे उभे. कच्चं पिवळंधमक असतं ती एक गाठ. चांगलं खरपूस होऊन तपकिरी झालं आणि मध्ये पांढरा वण दिसला की ती दुसरी, निरुपद्रवी. आणि या दोन्हींच्या मध्ये, वास सुटतो पण रंग अजून पुरता चढलेला नसतो, तेव्हा ते ताईला म्हणायचे, "थांब, थांब, हा बघ. हा रंग गाठ टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये टाकला की मरतो. आधी बघावा लागतो." ताई झाऱ्यानं त्यांना बाजूला सारायची. त्या घरचे लाडू खाताना मला पहिल्या घासाला नेहमी जरा विचार करावा लागे.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. ते माझ्या तोंडाकडे बघायचे. बोलताना डोळ्यांत बघायचे नाहीत, नाकावर बघायचे. माझ्या नाकावर आणि गालांवर लहानपणापासून नाही, पण पंचविशीनंतर बारीक बारीक पांढुरके दाणे आले होते. आमच्या वडिलांना होते, थोरल्या भावाला आहेत. आमच्याकडे त्यांना तांदूळ म्हणतात. ज्याच्या नाकावर तांदूळ त्याच्या घरात धान्य कमी पडत नाही, असं आमच्यात सांगतात. लग्नाच्या वेळी माझ्या सासऱ्यांनी त्याबद्दल विचारलं तेव्हा माझा भाऊ छाती काढून म्हणाला होता, "घराण्याची खूण हाय ती. पैसं देऊन बी मिळायची न्हाई." तर त्या घराण्याच्या खुणेवर हा माणूस डोळे लावून बसायचा आणि मी बघितलं की नजर काढून घ्यायचा.

वर्ष उलटून गेलं. एका सकाळी मी शाळेला निघालो होतो, ते हातात दुधाची पिशवी घेऊन जिन्याच्या तळाशी उभे होते. पिशवीतून थेंब थेंब दूध त्यांच्या चपलेवर गळत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरात कुणाला कधी एकाएकी धाप लागली होती का? छातीत नळी घालावी लागली होती का?"

मी म्हटलं, हो. वडिलांना उसाला पाणी धरताना लागली होती. फुफ्फुसाला भोक पडून हवा छातीत भरली असं डॉक्टर म्हणाले होते. पुढे भावालाही तसंच झालं. आमच्या घरात फुफ्फुसं जरा कच्चीच, असं मी हसून म्हणालो. ते हसले नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "पोटाची सोनोग्राफी करून घ्या. आजच."

"कशासाठी?"

"काही निघालं तर सांगतो. नाही निघालं तर सांगायची गरज नाही."

असं ऐकल्यावर माणसाची काय अवस्था होते ते काळजीखोर माणसालाच कळेल. मला ना काही दुखत होतं, ना लघवीतून रक्त, ना ताप. भूक उत्तम होती. त्या दिवशी मी सातवीच्या वर्गाला मुक्तहस्तचित्र दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो. संध्याकाळी सोनोग्राफीच्या टेबलावर झोपलो तेव्हा तो तरुण डॉक्टर आधी माझ्याशी क्रिकेटबद्दल बोलत होता. मग तो बोलायचा थांबला. त्यावरूनच मी समजलो.

डाव्या किडनीच्या टोकाला लिंबाएवढी गाठ होती.

घरी आलो तर डॉक्टर फाटकात उभे. त्यांनी कागद वाचला आणि सगळं सांगितलं. नाकावरचे दाणे, कच्ची फुफ्फुसं आणि किडनीच्या गाठी, ही तिन्ही एकाच घराण्यात एकत्र चालतात, असा एक फार दुर्मीळ प्रकार आहे. दाण्यांनी काही होत नाही, ते फक्त पत्ता सांगतात. मला राग आला. मी विचारलं की मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तुम्ही घर घेतलं असतं का?" तेव्हा मला कळलं की घर मला चित्रकलेमुळे मिळालं नव्हतं. नाकामुळे मिळालं होतं. रोज नजरेसमोर असावा म्हणून त्यांनी मला ठेवून घेतला होता आणि वर्षभर धीर होत नव्हता म्हणून खाली येरझाऱ्या घालत होते.

सर्जनकडे ते माझ्यासोबत आले. तिथे त्यांचं एकच म्हणणं होतं, गाठ काढा, किडनी ठेवा. अशा घराण्यात गाठी पुन्हा होतात, दुसऱ्या बाजूलाही होतात. आज एक आख्खी किडनी टाकून दिली तर उद्या दुसरीवर वेळ आली की माणसाकडे काही उरत नाही. गाठ टोकाला होती म्हणून सर्जन तयार झाले. ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी रजा टाकली आणि आपल्या विभागात पाऊल टाकलं नाही. कारण त्यांचा नियम होता, तिथल्या शिपायालाही माहीत असलेला, की ओळखीच्या माणसाची स्लाइड आपण बघायची नाही.

गाठ त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरकडे गेली. त्यानं ती न कापता तशीच फॉर्मॅलिनमध्ये टाकली, त्यामुळे तिचा मूळ रंग कुणीच बघितला नाही. अहवाल आला तो वाईट होता. किडनीच्या कॅन्सरची नेहमीची जात, पण त्यातला चढता, पसरणारा प्रकार. सर्जन म्हणाले की आता उरलेली डावी किडनी ठेवण्यात अर्थ नाही, येत्या गुरुवारी काढून टाकू. पुढचं काही त्यांनी सांगितलं नाही. मुलगी किती वर्षांची, एवढंच विचारलं.

मी डॉक्टरांना म्हटलं, एकदा तुम्ही बघा. ते नाही म्हणाले. अहवाल बरोबर वाटतो का, विचारलं. "माहीत नाही," म्हणाले. बाहेर दुसऱ्या कुणाकडे पाठवायचं तर गुरुवार टळायला हवा आणि तो टाळायला सर्जनला काही कारण हवं. हा सगळा खेळ माझी बायको दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी ती खाली गेली आणि भाडेकरूनं घरमालकाला बोलू नये ते सगळं बोलली. नियम उराशी धरून बसा, म्हणाली, आणि उद्या माझी मुलगी तुमच्या दारात खेळायला आली की तिला सांगा तुमचा नियम. ते मान खाली घालून ऐकत होते. मी तिला आवरायला गेलो तेवढ्यात आतून ताई आली. घंटी न वाजवता आली. खुर्चीत बसली आणि त्या घासणाऱ्या आवाजात बोलायला लागली. आम्हाला पुढे वाकून ऐकावं लागलं.

ती शाळेत गाणं शिकवायची. तिच्या गळ्यात गाठ आली. भाऊ तेव्हा नुकताच सही करायला लागला होता. दुसऱ्या कुणाला स्लाइड देईना, स्वतःच बसला. "साधी गाठ होती ती," ताई म्हणाली. "लोक म्हणतात, माणसाला हवं ते दिसतं. ह्याला भीती वाटली ते दिसलं. कॅन्सर लिहिला. मग सगळं कापून काढलं, त्यात आवाजाची नस गेली. मागाहून ह्याला शिकवणाऱ्या मुंबईच्या बाईंनी स्लाइड बघितली तेव्हा कळलं."

डॉक्टर भिंतीकडे बघत होते. मला त्या क्षणी माझ्या किडनीचं काही वाटलं नाही. घंटीचं वाटलं. रोज जेवायला बसताना हा माणूस ती घंटी ऐकत होता.

"तेव्हा हा बघणार नाही," ताई म्हणाली, "आणि मीही बघू देणार नाही. पण मास्तरांनी बघायला काय हरकत आहे?"

माझी बायको म्हणाली की ते तर स्वतःच रोगी, त्यांना तर हवं तेच दिसणार. डॉक्टरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा बदलला होता.

"मास्तर, मी तुम्हाला कधी चित्रांची नावं सांगितली होती?"

"नाही."

"चांगलं कुठलं, वाईट कुठलं?"

"नाही."

"म्हणजे काय दिसलेलं बरं, ते तुम्हाला माहीत नाही," ते म्हणाले. "मग तुम्हाला काय हवं ते कसं दिसेल?"

रुग्णालयातून माझ्या नावानं स्लाइड्स आणल्या. सकाळी उत्तरेच्या खिडकीत मी बसलो. डॉक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसले, पाठ माझ्याकडे. माझ्या पोटावरचे टाके अजून ओढत होते. काचेवर गुलाबी रंगाचा एक लहानसा तुकडा होता, आणि तो मी होतो. आरसा फिरवताना उजेड येई आणि जाई. मागून आवाज आला, "घाई करू नका. आणि मला काही सांगू नका. काढा."

मी काढायला लागलो. पोरांना शिकवताना मी म्हणतो तसं मी स्वतःला म्हणालो की हे तुझं नाही, ही समोर ठेवलेली वस्तू आहे. मोठमोठ्या पेशी होत्या, एकमेकींना चिकटून. त्यांच्या कडा ठळक होत्या, कांद्याच्या पापुद्र्यात दिसतात तशा घरासारख्या चौकटी. आत धुरकट गुलाबी दाणेदार माती भरल्यासारखं. मध्ये ठिपका, आणि ठिपक्याभोवती एक फिकट कडं, पुसल्यासारखं. जाळीत अडकलेले पाण्याचे थेंब कुठेच नव्हते. मी तासभर काढत होतो. एरवी स्वयंपाकघरात भांडी वाजायची, त्या दिवशी वाजली नाहीत.

चित्र मी त्यांच्या पाठीमागून खांद्यावरून पुढे केलं. ते उठले, खिडकीशी गेले आणि उजेडात धरलं. सूक्ष्मदर्शकाकडे त्यांनी चुकूनही बघितलं नाही. मग त्यांनी पेशीच्या आतल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ही मनुका तुम्हाला दिसली, की मागे मी ओरडलो होतो म्हणून काढलीत?"

मी म्हटलं, सगळीकडे मनुका नाहीत. डावीकडे बघा, तिथे गोल होते तर गोल काढलेत. उजवीकडे सुरकुतलेले होते, म्हणून सुरकुतलेले. एके ठिकाणी दोन ठिपके एकाच घरात आहेत, ते मला चूक वाटलं, पण दिसलं म्हणून काढलं. ते त्या दोन ठिपक्यांकडे बघत राहिले आणि एकदम खुर्चीत बसले. "मनानं काढणारा सगळ्याच मनुका काढतो," ते ताईला म्हणाले.

त्याच दुपारी ते सर्जनकडे गेले. मीही गेलो, कारण घरी बसवत नव्हतं. सर्जननं विचारलं की तुम्ही स्लाइड बघितली का? नाही म्हणाले. मग कशावरून थांबायचं? डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "गाठ वेगळी आहे, बहुतेक," ते म्हणाले.

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. सर्जनही त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होते. त्यांनी डायरीतला गुरुवार खोडला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्लाइड्स आणि मेणात बसवलेला गाठीचा तुकडा शर्टाच्या आतल्या खिशात घालून एसटीनं मुंबईला गेले, त्यांच्या त्याच जुन्या बाईंकडे. बाई आता निवृत्त होत्या, पण डोळे शाबूत होते. डॉक्टरांच्या मनात होती त्या जातीच्या गाठीसाठी लोखंडाचं एक खास द्रावण वापरतात. ते द्रावण उकळत्या पाण्यात थेंब थेंब घालून करावं लागतं आणि जरा बिघडलं तर सगळंच रंगतं किंवा काहीच रंगत नाही. नीट जमलं आणि पेशी निळ्या झाल्या तर गाठ ती, नाही झाल्या तर पहिला अहवाल खरा. बाईंना ते करायला काही दिवस लागणार होते. डॉक्टर परत आले आणि आम्ही सगळे थांबलो. त्या दिवसांत त्यांनी कुलूप किती वेळा ओढून बघितलं ते मी मोजलं नाही, पण आवाज वर यायचा. मी गादीवर पडून माझ्या मुलीचं चित्र काढायचो. ती हलायची, मी रागवायचो, मग मलाच वाईट वाटायचं. कुणीतरी तिला नंतर सांगावं की बाबा चित्र बरं काढायचे, असं मनात यायचं आणि पेन्सिल थांबायची.

एके दिवशी भर दुपारी खाली घंटी वाजली. एकदा वाजून थांबली नाही, वाजतच राहिली. शेजारच्या बंगल्यातली माणसं गच्चीवर आली. आम्ही जिना उतरून गेलो तेव्हा ताई दारात उभी राहून दोन्ही हातांनी घंटी हलवत होती आणि डॉक्टर फोनचा रिसीव्हर छातीशी धरून उभे होते. ते म्हणाले, "निळी आली."

मग त्यांनी मला पहिल्यांदा नाव सांगितलं. क्रोमोफोब. रंगाला भिणारी, असा त्याचा अर्थ. नेहमीचे रंग ती धड घेत नाही म्हणून. कॅन्सरच, पण संथ, क्वचितच पसरणारा, आणि माझ्यासारख्यांच्या घराण्यात चालणारा. गाठ पुरती निघाली होती. किडनीला हात लावायचं कारण नव्हतं. आधी नाव का नाही सांगितलं ते मी विचारलं नाही. माझी बायको त्यांच्या पाया पडायला वाकली, तर ते दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले की मुंबईच्या बाईंच्या पडा, मी काहीच बघितलेलं नाही.

पुढच्याच रविवारी ते मांजरीला आले. माझ्या भावाला अंगणात उभं करून म्हणाले, "उजेडात या जरा." भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "अरं, ह्यो बाबा माझं लगीन जमवतोय का काय?" पण सोनोग्राफीला गेला. त्याच्या किडन्या साफ निघाल्या. दरवर्षी जायचं, हे मात्र त्याच्याकडून वदवून घेतलं गेलं. नाकावरच्या तांदळांबद्दल त्यानं नंतर कुणाकडे छाती काढली नाही.

ताई गेली, त्यानंतर काही वर्षांनी डॉक्टर गेले. तोवर आम्ही आमचं घर घेतलं होतं, तरी मी रविवारी जात होतो. शेवटी शेवटी त्यांना दिसायचं कमी आणि ते काळजी करायचे जास्त. मधल्या काळात माझ्या उजव्या किडनीत एक लहान गाठ आली, तीही वेळेत निघाली. डावी किडनी, गुरुवारी जाणार होती ती, अजून चालू आहे. ती असल्यामुळेच उजवीला हात लावता आला, नाहीतर माझ्याकडे काही उरलं नसतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आता मुलीबद्दल सांगायचं राहिलं. त्या आजारपणात सुरू झालेली सवय सुटली नाही. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मी तिचं चित्र काढतो. ती आता एका कंपनीत नोकरी करते, वाढदिवसाला सुट्टी काढते आणि खिडकीत बसते. हल्ली रक्ताच्या तपासणीवरून घराण्यातलं हे वळण पोराबाळांत उतरलं की नाही ते सांगता येतं. ती सज्ञान झाल्यापासून मी तिला सांगेन सांगेन म्हणत होतो. शेवटी सांगितलं, तर ती करेन करेन म्हणत राहिली. डॉक्टर वर्षभर जिन्यापाशी का घुटमळले ते मला फार उशिरा, स्वतः घुटमळायला लागल्यावर कळलं.

गेल्या वाढदिवसाला चित्र अर्धं झालं आणि माझा हात थांबला. डोळे झाले, केस झाले, हनुवटी झाली, पण नाक काढवेना. तिच्या नाकाच्या कडेला मला तीन बारीक पांढुरके दाणे दिसत होते. आहेत की मला भीती वाटते म्हणून दिसताहेत? बायकोला खुणेनं विचारलं तर ती म्हणाली, "पुटकुळ्या आहेत. उगाच नाही ते बघू नका." मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. पेन्सिलीला टोक होतं, तरी मी टोक करायला घेतलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, ब्लड मी महिन्यापूर्वीच दिलंय. रिपोर्ट आज येणारे. आला असेल आत्तापर्यंत."

मी हात पुढे केला, फोन दाखव म्हणून. तिनं फोन पाठीमागे घेतला. "तुम्ही बघायचा नाही. तुम्ही घरचे. नियम माहितीये ना?"

लहानपणी त्या घरात ती नियम ऐकत वाढली होती हे मी विसरलो होतो. ती आतल्या खोलीत गेली. दार लावलं नाही, नुसतं लोटलं. बायको आणि मी एकमेकांकडे न बघता बसलो. अशा वेळी घंटी वाजवणारं कुणी घरात असायला हवं होतं, असं मला वाटलं.

ती बाहेर आली आणि सरळ खिडकीत जाऊन बसली, मघाशी बसली होती तशीच, मान तितकीच वळवून.

"आहे," ती म्हणाली. "पण स्कॅन पण केलाय मी, मागच्याच वीकमध्ये. दोन्ही किडन्या क्लीन आहेत. दरवर्षी बघत राहायचं, एवढंच." मग तिनं मान पुन्हा नीट वळवली. "आता पूर्ण करा ना चित्र. मान दुखतीये."

बायको तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. मला रडू येत होतं, पण डोळे भरले की दिसत नाही, म्हणून मी थांबलो, चष्मा पुसला आणि तिला म्हणालो, उजेडात ये जरा. ती पुढे सरकली. मग मी तिचं नाक काढलं आणि नाकाच्या कडेला ते तीन दाणे काढले, तीनच, जेवढे दिसत होते तेवढे.